पाय तिथंच राहिला

गेल्या ऑगस्टमध्ये राजगडावरून उतरताना माझा पाय मुरगळला. निदान अकरा दिवस तरी आम्ही सगळे असंच म्हणत होतो.

शनिवार होता. ऑफिसमधले आम्ही सहाजण पहाटे निघून गडावर गेलो होतो आणि दुपारी पाली दरवाजाच्या बाजूने उतरत होतो. पाऊस नुकताच उघडला होता. पायऱ्यांवर शेवाळ होतं, पण मी बरेच ट्रेक केलेला माणूस (म्हणजे वर्षाला दोन), त्यामुळे जरा ऐटीतच चाललो होतो. मागून कुणीतरी "ए, थांब, फोटो!" म्हणून हाक मारली. मी वळलो. उजवा पाय दोन दगडांच्या फटीत होता. तो वळला नाही.

कट्ट असा आवाज वगैरे काही झाला नाही. खाली बसलो, घोट्याच्या आतल्या बाजूला कळ आली, डोळ्यांत पाणी आलं, मग सगळे हसले, मग मीही हसलो. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत खाली आलो. गाडीत बसेपर्यंत घोट्याचा टोमॅटो झाला होता.

रात्री पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेलो. तिथला डॉक्टर माझ्याच वयाचा असावा, आणि बहुधा सकाळपासून ड्यूटीवर. त्याने विचारलं, "कुठे दुखतंय?" मी घोट्याची आतली बाजू दाखवली. त्याने तिथे दाबलं, बाहेरून दाबलं, घोट्याचे एक्स-रे काढायला लावले. फिल्म बघून म्हणाला, "गुड न्यूज. हाड मोडलेलं नाही. स्प्रेन आहे." क्रेप बँडेज, बर्फ, पाय उशीवर, गोळ्या. दहा दिवसांत फरक पडेल.

घरी फोन केला. आई म्हणाली, आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लाव. अण्णा मागून म्हणाले, "मुरगाळलाय व्हय? माझाबी असाच मुरगाळला हुता. चार दिस तरास हुतोय, मग जातंय."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. त्या वाक्याकडे आपण परत येऊ.

*

दहा दिवसांत फरक पडला नाही. वर्क फ्रॉम होम चालू होतं, रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये मी खरोखर आडवा असायचो. पायावर जरा भार दिला की घोटा "माझ्या भरवशावर राहू नकोस" असं सांगायचा. दुखण्यापेक्षा ती भावना जास्त विचित्र होती. पायाखालची फरशी किंचित सरकते आहे, असं वाटायचं. शिवाय गुडघ्याच्या जरा खाली, पोटरीच्या बाहेरच्या बाजूला एक मुका ठणका होता. मला वाटलं क्रेप बँडेज घट्ट झालं असेल. बँडेज तिथपर्यंत पोहोचतच नव्हतं, हे लक्षात यायला हवं होतं.

अकराव्या दिवशी एका मित्राने जबरदस्तीने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. पन्नाशीच्या बाई, ऑर्थोपेडिक सर्जन. त्यांनी मी पुढे केलेली एक्स-रेची पाकिटं हातात घेतली, पण उघडली नाहीत. म्हणाल्या, "ते बघते नंतर. आधी सांगा, पडलात कसे?"

मी म्हणालो, "ट्रेकला गेलो होतो, पाय मुरगळला."

"ते निदान झालं. मी विचारतेय, पडलात कसे? पाय कुठे होता, अंग कुठे वळलं?"

मग मी भिंतीला धरून उभं राहून दाखवलं. पाऊल असं अडकलेलं, तोंड पुढे. मग हाक आली, मी असा डावीकडून मागे वळलो. त्यांनी मान हलवली, मला झोपवलं आणि घोटा सोडून थेट गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला अंगठा दाबला. मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरचे पेशंट गप्प झाले.

"आता इथला एक्स-रे काढू," त्या म्हणाल्या. "आणि घोट्याचा पुन्हा काढू, पण उभं राहून. जेवढा झेपेल तेवढाच भार द्या."

दुसऱ्या फिल्ममध्ये, घोट्यापासून जवळजवळ फूटभर वर, माझं हाड तिरकं मोडलेलं स्वच्छ दिसत होतं. आणि उभ्याने काढलेल्या फिल्ममध्ये घोट्याच्या आतल्या बाजूला एक फट होती, जी झोपून काढलेल्या फिल्ममध्ये जाणवलीच नव्हती. "मेझोनोव्ह फ्रॅक्चर," डॉक्टर म्हणाल्या. "घोट्याचं फ्रॅक्चर आहे, पण मोडतं गुडघ्याजवळ. म्हणून सापडत नाही. पहिल्या डॉक्टरांवर फार चिडू नका. त्यांनी जिथे बघितलं तिथे खरंच हाड मोडलेलं नव्हतं."

*

हे असं कसं होतं? गुडघ्याखाली आपल्या पायात दोन हाडं असतात. आपण जिला नडगी म्हणतो ते जाड हाड म्हणजे टिबिया. अंगाचं बहुतेक ओझं तेच उचलतं. तिच्या बाहेरच्या बाजूला एक काडीसारखं बारीक हाड असतं, ते फिब्युला. लॅटिनमध्ये फिब्युला म्हणजे वस्त्र अडकवायची पिन, आणि दोन हाडं शेजारीशेजारी पाहिली की खरोखरच सेफ्टी पिन आठवते. खाली घोट्याशी ही दोन हाडं मिळून चिमट्यासारखी खोबण करतात आणि त्या खोबणीत टेलस नावाचं पावलाचं हाड घट्ट बसतं. दोन हाडांना एकमेकांशी धरून ठेवायला खाली लिगामेंट आणि वर गुडघ्यापर्यंत एक पातळ, चिवट पडदा असतो.

आता पाऊल जमिनीत रुतलंय आणि अंग वळलं, अशी कल्पना करा. ओला टॉवेल पिळताना एक टोक घट्ट धरलं की पीळ वर चढत जातो, तसंच इथे होतं. आधी घोट्याच्या आतलं लिगामेंट तुटतं. टेलस खोबणीत फिरून फिब्युलाला बाहेर ढकलतो. दोन हाडांना बांधणारं लिगामेंट तुटतं. मग मधला पडदा खालून वर उसवत जातो. आणि शेवटी ही सगळी ताकद बाहेर पडायला वाट शोधते, ती गुडघ्याखाली, फिब्युला मोडून.

म्हणजे घोट्यात मोडलेलं हाड नाहीच. तिथे फक्त तुटलेल्या दोऱ्या आहेत, आणि दोऱ्या एक्स-रेत दिसत नाहीत. हाड मोडलंय तिथे फारसं दुखत नाही, कारण घोट्याच्या बोंबाबोंबीत त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. एरर दिसते पेमेंटच्या स्क्रीनवर आणि चूक सापडते तीन सर्व्हिस मागे, कुणीतरी बदललेल्या एका टाइमआउटमध्ये. डॅशबोर्ड हिरवा असतो, कारण डॅशबोर्डवर तेवढंच दिसतं जेवढं कुणीतरी मोजायचं ठरवलेलं असतं. हे मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवतो. स्वतःच्या पायाच्या बाबतीत मात्र "रिपोर्ट नॉर्मल आहे" एवढ्यावर मी अकरा दिवस काढले.

*

ऑपरेशन झालं. गंमत म्हणजे मोडलेल्या हाडाला कुणी हातच लावला नाही. ते आपोआप जुळतं. दोन स्क्रू बसले ते खाली, घोट्याच्या जरा वर, फिब्युलातून टिबियात, सुटलेला चिमटा पुन्हा आवळायला. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, असा हुकूम झाला.

आईला म्हशी सोडून येणं शक्य नव्हतं. म्हणून अण्णा आले. अण्णा कराडजवळच्या एका साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत, दिवाळीपर्यंत मोकळेच असतात. कापडी पिशवीत दोन शर्ट, भडंग आणि आईने दिलेलं तूप घेऊन ते तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमध्ये दाखल झाले आणि पहिल्याच दिवशी वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं त्यांना पाठ झाली.

मी दिवसभर पलंगावर. काम संपलं की फोनवर या मेझोनोव्हच्या मागे लागलो. आपल्याला ज्याच्या नावाचा आजार होतो तो माणूस कोण, हे माहीत तरी असावं.

गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते. १७५६ साली लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचा सर्जन ओल्ड केंट रोडवर घोड्यावरून पडला आणि त्याच्या पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. त्याच्या जावयाने, जेम्स अर्लने, लिहून ठेवलेली हकिगत अशी की पॉटने कुणालाही आपल्याला उचलू दिलं नाही. थंडीत रस्त्यावर पडून राहिला, पालखी वाहणारे भोई त्यांच्या दांड्यांसह बोलावले, तिथल्या तिथे एक दार विकत घेतलं, ते दांड्यांवर ठोकून घेतलं आणि त्यावर झोपून घरी गेला. वेडंवाकडं उचललं तर पाय जाईल, हे त्याला माहीत होतं. घरी सर्जन मंडळींनी पाय कापायचं ठरवलं होतं, हत्यारं तयार होती, तेवढ्यात त्याचे जुने गुरू एडवर्ड नर्स आले आणि त्यांनी पाय वाचवायचा प्रयत्न करू या असं सुचवलं. पाय वाचला. पुढे १७६० च्या दशकाच्या अखेरीस पॉटने फ्रॅक्चरवर पुस्तक लिहिलं. त्यात घोट्याच्या वर दोन-तीन इंचांवर फिब्युला मोडतो आणि आतलं लिगामेंट तुटतं, अशा इजेचं वर्णन आहे. त्या इजेला पॉटचं फ्रॅक्चर असं नाव पडलं, आणि त्याच्या स्वतःच्या पायाचं फ्रॅक्चर तेच, असा गैरसमज अजून चालू आहे. ते तसं नव्हतं.

मग पॅरिस. हॉटेल-द्यू या जुन्या रुग्णालयाचा मुख्य सर्जन ग्यियोम द्युपुइत्रँ. त्याने १८१९ साली फिब्युलाच्या खालच्या टोकाच्या फ्रॅक्चरवर मोठा निबंध लिहिला. पॅरिसमध्ये त्या काळी रुग्णालयात मेलेल्या बेवारस गरिबांची प्रेतं विच्छेदनासाठी मिळत. अशा प्रेतांचे पाय मुद्दाम मोडून, हाड कुठे आणि का मोडतं हे तो पाहत असे. पाय आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कलंडल्याने घोटा मोडतो, असं त्याचं म्हणणं होतं.

जूल जर्मँ फ्रान्स्वा मेझोनोव्ह हा त्याचा विद्यार्थी. जन्म १८०९, नँत गावचा. गुरू गेल्यावर पाच वर्षांनी, १८४० साली, त्याने फिब्युलाच्या फ्रॅक्चरवर आपलं संशोधन छापलं. त्यानेही प्रेतांवरच प्रयोग केले, पण पाय नुसता कलंडवला नाही, तो पिळला. पाऊल बाहेरच्या दिशेने फिरवलं तर काय होतं? दोन हाडांना बांधणारं लिगामेंट टिकलं, तर फिब्युला खाली घोट्याशी तिरका मोडतो. आणि ते लिगामेंट तुटलं, तर तोच पीळ वर चढतो आणि हाड पार वरच्या टोकाजवळ मोडतं. ताकद तीच, पाऊल तेच, पण कोणती दोरी आधी तुटते यावर हाड कुठे मोडणार हे ठरतं.

हे वाचताना मी पलंगावर उठून बसलो. कारण १८४० साली एक्स-रे नव्हते. राँटगेनने ते शोधले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. म्हणजे त्याच्या पंचावन्न वर्षं आधी, फक्त हात आणि डोकं वापरून, "घोटा पिळला गेला तर गुडघ्याखाली दाबून बघा" इथपर्यंत एक माणूस पोहोचला होता. मेझोनोव्ह १८९७ साली वारला. एक्स-रेचा शोध त्याच्या हयातीतच लागला. त्याला नसलेलं यंत्र माझ्या वेळी प्रत्येक गल्लीत होतं, आणि माझं फ्रॅक्चर त्याच यंत्रामुळे हुकलं. यंत्र खोटं बोललं नाही. फिल्म घोट्याची होती, तिने घोटा दाखवला. चौकटीच्या वर काय आहे, हे सांगणं तिचं काम नव्हतं.

पुढच्या माणसांनी हे सगळं पक्कं केलं. डेन्मार्कच्या लाउग-हान्सनने १९४० च्या दशकात पुन्हा प्रयोग करून घोट्याच्या फ्रॅक्चर्सची अशी वर्गवारी केली की नावातच अपघाताची गोष्ट यावी. पहिला शब्द पाऊल कसं होतं ते सांगतो, दुसरा ताकद कुठल्या दिशेने आली ते. म्हणजे "काय मोडलं" याच्या आधी "कसे पडलात" हा प्रश्न. कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली एक सोपा नियम तयार झाला: घोट्याच्या हाडांवर, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये, दाबून दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढा. चांगला नियम आहे, कितीतरी लोकांचे नको ते एक्स-रे वाचले. पण नियमातले सहा सेंटिमीटर संपतात तिथून माझं हाड बरंच वर होतं. घोट्याच्या शंभर फ्रॅक्चर्समध्ये माझ्यासारखी पाचच्या आसपास धरतात. अशा पाचजणांसाठी कुणीतरी सहा सेंटिमीटरच्या पुढे अंगठा न्यावा लागतो.

आणि एक आकडा, जो वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला. १९७६ साली रॅम्झी आणि हॅमिल्टन या दोघांनी मोजलं, की टेलस खोबणीत फक्त एक मिलिमीटर बाहेर सरकला, तर सांध्याचा एकमेकांना टेकणारा भाग ४२ टक्क्यांनी कमी होतो. एक मिलिमीटर. म्हणजे तेवढंच ओझं जवळजवळ अर्ध्या जागेवर येतं, प्रत्येक पावलाला. फट तशीच राहिली तर सांधा झिजत जातो. एका दिवसात नाही. वर्षानुवर्षं.

दाराबाहेर अण्णा दूध घेऊन आले होते. चपलांचा आवाज आला. टप, सर्र. टप, सर्र.

*

अण्णा लंगडतात. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितो आहे, कारण आमच्या घरात ती बातमी कधी नव्हतीच. ती "अण्णांची चाल" होती. लहानपणी मी आणि माझी बहीण ती चाल करून दाखवायचो आणि आजी हसत हसत धपाटा घालायची.

मी दुसरीत होतो तेव्हा, २००४ च्या गळीत हंगामात, अण्णा एका रात्री घोटा सुजवून घरी आले. तेव्हा ते गव्हाणीवर होते, उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या व्हायच्या तिथे. शेजारच्या गावच्या हाडवैद्याने तेल लावून पाय चोळला, बांधला. हंगाम ऐन भरात होता, रजेचे पैसे मिळत नव्हते. चौथ्या दिवशी अण्णा कामावर गेले. एक्स-रे निघाला नाही. कुणाला काढावासा वाटलाही नाही; मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे कोण काढतं? दोन हंगामांनंतर त्यांना गव्हाणीवर दिवसभर उभं राहणं जमेना, तेव्हा ते वजनकाट्यावर बसायला लागले. आम्हाला वाटलं, बढती झाली.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बारावीनंतर कॅप राउंडमध्ये पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला, तेव्हा अण्णा सोबत आले होते. कॉलेजच्या गेटपासून ऑफिसपर्यंत लांबलचक रस्ता होता. आजूबाजूला गाड्यांतून उतरणारी मुलं, त्यांचे आईवडील. मी भराभर पुढे चाललो होतो आणि मध्येमध्ये मागे वळून म्हणत होतो, "अण्णा, चला की लवकर. रांग वाढेल." रांगेत आमच्या पुढे फार कोणी नव्हतं. मला फक्त त्यांच्या बाजूने चालायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी अण्णांनी चहा केला आणि माझ्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले. माझा पाय उशीवर, त्यांचा उजवा पाय सवयीने पुढे ताठ पसरलेला. मी विचारलं, "अण्णा, तुमचा पाय मुरगळला होता ना, कारखान्यात. तेव्हा पडला कसे तुम्ही?"

"त्येला झाली की वीस वर्सं."

"पण पडला कसे?"

त्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं टाळतील. पण ते खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि मधल्या मोकळ्या फरशीवर उभे राहिले, जसा मी डॉक्टरांसमोर उभा राहिलो होतो तसेच.

"ही ट्रॉली. मी उतराय लागलोय. ह्यो पाय फाळक्याच्या फटीत हुता, बघ असा. रातपाळी, उजेड कमी. तेवढ्यात मागनं कुणीतरी हाक मारली. मी वळलो." ते वळले, जपून, अर्धेच. "मी वळलो आन् पाय तिथंच ऱ्हायला."

मी काहीच बोललो नाही. अण्णा परत बसले, बशी उचलली.

"आन् हितंबी दुखायचं काय?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं आणि माझ्या गुडघ्याखाली बोट ठेवलं.

त्यांनी जरा विचार केला. "वर व्हय? आसंल. ध्यानात न्हाई. घोटाच लई बोंबलत हुता."

*

टाके काढायला गेलो तेव्हा अण्णांनाही दाखवलं. ते तयार नव्हते. "माझं काय काडतोस आता," म्हणाले. डॉक्टरांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला आणि अण्णांनी केबिनमध्ये पुन्हा ट्रॉली, फाळका आणि हाक असं सगळं करून दाखवलं. या वेळी जास्त तपशिलात, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरसकट. मग एक्स-रे, उभं राहून, गुडघ्यापर्यंत.

मला वाटत होतं, आता फिल्मवर वर कुठेतरी जुनी रेघ दिसेल आणि गोष्ट पूर्ण होईल. तसं झालं नाही. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वरच्या हाडात मला ठामपणे काही दिसत नाही. पण एवढ्या वर्षांत हाड स्वतःला सारखं करून घेतं, त्यामुळे मोडलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. घोटा मात्र झिजलाय, ते दिसतंय." त्यांनी पेनाने दाखवलं. दोन हाडांच्या मध्ये जी काळी मोकळी रेघ असायला हवी, ती बाहेरच्या बाजूला जवळजवळ पुसली गेली होती.

"तेव्हा कळलं असतं तर?" मी विचारलं.

"काय होतं तेच माहीत नाही, तर काय सांगू?" त्या म्हणाल्या. मग अण्णांकडे वळून, माझ्याशी बोलण्यापेक्षा सावकाश, त्यांना समजावलं: सध्या बुटात घालायची गादी, घोट्याला पट्टा, व्यायाम. फारच त्रास वाढला तर सांधा कायमचा जखडून टाकायचं ऑपरेशन असतं, मग दुखणं जातं पण घोटा हलत नाही. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मांडी घालून जेवाय बसता ईल का?" डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन करेपर्यंत तरी नक्की. "मग ऱ्हाऊ द्या आपरेशन," अण्णा म्हणाले.

माझं बिल कंपनीच्या मेडिक्लेमने भरलं. बाहेर आल्यावर अण्णांनी आकडा विचारला. मी सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं झालं मग. आपल्याला तवा झेपलं नसतं." त्यांच्या डोक्यात हिशेब जुळला होता. माझ्या डोक्यात तो अजून जुळलेला नाही.

मी खूप वेळा मनात ते २००४ सालातलं घर परत उभं करून बघतो. आजी, आई, हाडवैद्य, कारखान्यातले सोबती, सगळ्यांनी विचारलं असेल, "कुठं दुखतंय?" सगळ्यांनी घोट्याकडेच पाहिलं असेल. मीही पाहिलं होतं, पलंगाच्या कडेला उभं राहून. त्यांच्यापैकी कुणाची चूक होती असं मला वाटत नाही. दुखणारा माणूस बोट ठेवतो तिथेच सगळे बघतात. पण वीस वर्षांत मी मोठा झालो, शिकलो, मुळापर्यंत जाऊन चूक शोधायचा पगार घेऊ लागलो, आणि तरी एवढा एक प्रश्न विचारायला माझा स्वतःचा पाय मोडावा लागला. ही मात्र माझी चूक आहे.

*

सहा आठवड्यांनी पाय जमिनीवर टेकवायची परवानगी मिळाली. पाय कसला, पापडाची लाटी. पोटरी पार वाळलेली. आधी वॉकर, मग एक कुबडी. ऑक्टोबर उजाडला होता, हंगामाच्या तयारीसाठी कारखान्यातून अण्णांना फोन यायला लागले होते. त्यांनी कापडी पिशवी भरली. दूधवाल्याचा, वॉचमनचा, समोरच्या काकूंचा निरोप घेतला.

मी हट्टाने स्वारगेटपर्यंत गेलो. रिक्षातून उतरून फलाटापर्यंत चालायचं होतं. अण्णा पुढे, नव्या बुटांत, आत डॉक्टरांनी दिलेली गादी. मी मागे, कुबडी टाकत, प्रत्येक पावलाला घोट्याचा अंदाज घेत. गर्दी होती, कराडची गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. टप, सर्र. टप, सर्र. त्यांच्या आणि माझ्यात दहा-बारा पावलांचं अंतर पडलं.

अण्णा थांबले. मागे वळले. आता त्यांची वळायची पद्धत मला माहीत झाली आहे. आधी पाऊल उचलतात, मग अंग वळवतात.

"चल की लवकर," ते म्हणाले. "जागा जाईल."

आणि मग जागेची काळजी सोडून, मी पोहोचेपर्यंत तिथेच उभे राहिले.